फोर बाय फोर आणि एक बाज

सासऱ्यांच्या शेतावरच्या सालदाराचा फोन आला तेव्हा मी जीपखाली उताणा पडलेलो होतो. सुटीच्या सकाळी तिच्याखाली शिरायचं, इंजिनातून गळणारं ऑइल बोटावर घेऊन त्याचा वास घ्यायचा आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर यायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. त्यातून दुरुस्ती अशी कधी कोणती झाली नाही. पण गल्लीत असं पसरलं होतं की वकीलसाहेबांना गाडीतलं कळतं, आणि लोक म्हणतात तर असेलही, असं हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं.

बायको फोन घेऊन आली. खाली वाकली आणि फोन माझ्या कानाला लावला. तिचा हात थंडगार होता.

"साहेब, बापूच्या छातीत भरून येऊन राह्यलं," सालदार हळू आवाजात सांगत होता. "घामानं सदरा पार भिजला. तुमाले फोन करू नोको म्हणते, म्हणून गोठ्यामागं येऊन बोलून राह्यलो."

बापू म्हणजे माझे सासरे, आमचे मामाजी. जन्मभर कचेरीत नोकरी केली आणि सासूबाई गेल्यावर यवतमाळचं घर बंद करून दारव्हा रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या शेतावर राहायला गेले. शेताला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. सालदार तिथलाच, मामाजींचं जेवणखाण, औषधपाणी तोच पाहायचा. मामाजींचा स्वभाव असा, की ताप आला तर थर्मामीटरवर चिडायचे. अशा माणसाला घाम फुटला म्हणजे काय, ते मला जीपखाली पडल्यापडल्या कळलं. बाहेर येताना माझं डोकं सायलेन्सरवर आपटलं. ते दुखलेलं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी अँब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हर भला माणूस होता, पण तो स्पष्ट बोलला, "साहेब, फाट्यापर्यंत येऊन थांबतो. नाल्यात गाडी घालणार नाही. फसलो तर पेशंटचं काय?"

त्याचं बरोबर होतं. फाट्यावरून शेताकडे जाताना मधे नाला लागतो. त्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, मागच्या पावसाळ्यात वाहून गेला होता. आता नुसता उतार, पाणी आणि समोर चढ. सगळी काळी माती, आणि दोन दिवसांपासून झड लागलेली. त्या मातीत पाऊस मुरला की ती माणसाची चप्पल परत देत नाही.

म्हणजे काम एवढंच होतं. मामाजींना नाल्याच्या अलीकडे आणायचं. आणि त्यासाठी घरात एक नव्हे, दोन फोर बाय फोर गाड्या होत्या. एक माझी जुनी जीप, दुसरी माझ्या साळ्याची नवी गाडी.

या दोन गाड्यांवरून आमचं जे भांडण चालायचं, त्याला सणवारही वर्ज्य नव्हते. माझं म्हणणं असं, की जुन्या गाडीतलं लोखंड हे लोखंड होतं. बेअरिंग म्हणजे बेअरिंग. आता तोच पार्ट बाजारात घ्यायला गेलं की चकचकीत डब्यातून डुप्लिकेट निघतो, रबर पावसाळा काढत नाही. साळा म्हणायचा, "भाऊजी, तुमच्या गाडीचं लोखंड इतकं चांगलं हाये, तं ती अर्धा महिना लोहाऱ्याले मिस्त्रीच्या दारात काहून उभी राह्यते? माह्या गाडीत बटन फिरवलं की चारही चाकं लागतात. तुमाले तो दांडा ओढाले दोन हात आन् एक गुडघा लागते."

हे खरं होतं. माझ्या जीपमध्ये फोर व्हील लावायचा लिव्हर दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. पण तो बसला की इंजिनाचा आवाज असा काही बदलायचा, गाडी अशी काही गुरगुरायची, की मागे बसलेला माणूस आपोआप दांडी पकडायचा. मी पाहुण्यांना मुद्दाम टेकडीवर नेऊन तो आवाज ऐकवायचो.

साळा दारात आला तेव्हा त्याचा शर्ट उलटा घातलेला होता. मी म्हटलं, "नाल्यात माझी जीपच चालेल." तो म्हणाला, "तुमची जीप नाल्यापर्यंत तं गेली पाह्यजे." बायकोने आम्हा दोघांकडे असं पाहिलं, की मी पन्नाशीचा वकील, जज्जासमोर कधी गप्प झालो नव्हतो तेवढा गप्प झालो.

"दोन्ही गाड्या घ्या," ती म्हणाली. "आन् तोंडं बंद ठेवा."

ती त्याच्या गाडीत बसली. मी मागून जीप काढली. लोहारा गेलं, एमआयडीसीचे शेड गेले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं पडायला लागलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. मला साळ्याच्या गाडीच्या मागच्या काचेतून बायकोचं डोकं दिसत होतं. ते जरासुद्धा हलत नव्हतं. मी मनात हिशेब करत होतो, की ओले कपडे, अंगाला घाम, छातीत भरून येणं, यातून माणूस किती वेळ काढतो. याचं उत्तर मला माहीत नव्हतं आणि कोणाला विचारायची हिंमतही नव्हती.

फाट्यावर अँब्युलन्स आमच्याआधी येऊन थांबलेली होती. तिच्या बाजूने आम्ही आत वळलो आणि नाल्यावर पोचलो.

पाणी फार नव्हतं, गुडघ्याच्या खाली. साळ्याने बटन फिरवलं, गाडी उतरवली, पाणी पार केलं आणि समोरच्या चढावर चढवली. अर्ध्यात गेली. मग मागची चाकं गरगर फिरायला लागली, चिखलाचे गोळे माझ्या काचेवर येऊन आदळले आणि गाडी हळूहळू, जणू नाइलाजाने, मागे घसरत पाण्यात येऊन बसली.

मी उतरून धावत गेलो. डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा नुसता मिचमिचत होता. लागत नव्हता, विझतही नव्हता.

"लागून नाही राह्यला," साळा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मोटर बदलली होती त्याची, मागच्याच महिन्यात. कंपनीचा पार्ट याले वेळ होता, म्हणून बाजारातला टाकला. डबा तसाच होता, भाऊजी. सेम टू सेम तसाच होता."

एरवी हे वाक्य मी वर्षभर पुरवून वापरलं असतं. बायको दार उघडून सरळ पाण्यात उतरली, साडी धरून चढ चढली आणि मागे न पाहता शेताकडे निघून गेली.

आता मी. मी जीप उतरवली, साळ्याच्या गाडीच्या बाजूने काढली, लिव्हर दोन्ही हातांनी ओढला, गुडघा लावला. खटकन बसला. आवाज बदलला. माझ्या छातीत जरा धीर आला. वर चढायचं, दोर टाकायचा, याची गाडी ओढायची, मामाजींना घ्यायचं. मी क्लच सोडला.

जीप गुरगुरली. खूप गुरगुरली. आणि जागच्या जागी खाली खाली जायला लागली.

सालदार समोरच्या काठावर येऊन उभा राहिला होता. तो ओरडला, "साहेब, पुढचे चाकं तं फिरूनच नाई राह्यले!"

"फिरतील! लिव्हर नीट बसला नसेल!"

"मागचेच फिरून राह्यले साहेब! पुढचे मुकाट हायेत!"

साळा चिखलात आडवा झाला, जीपखाली डोकं घातलं आणि तसाच पडून राहिला. मग त्याने विचारलं, "भाऊजी, पुढचा शाफ्ट कुठी हाये?"

"कोणता?"

"गिअरबॉक्समधून पुढच्या चाकाले जाते तो. इथं तं नुसती पन्नी बांधली हाये."

मी पण खाली पाहिलं. खरंच, दांडा असायला हवा तिथे हवा होती, आणि तोंडाला निळी पॉलिथिनची पिशवी सुतळीने बांधलेली होती. ती पिशवी मी दर सुटीच्या सकाळी पाहत होतो. मला वाटायचं, ती असतेच.

आणि मग मला आठवलं. जीप घेतली त्या वर्षी लोहाऱ्याच्या मिस्त्रीने विचारलं होतं, "साहेब, पुढचा शाफ्ट काहाडून ठेवू का? रोडवरच तं चालवता. ॲव्हरेज वाढते. आपल्याकडं सारेच काहाडतात." शाफ्ट म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. पण 'म्हणजे काय' असं विचारणं माझ्या जातकुळीत बसत नाही. मी विचार केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणालो, "ठेव." तो दांडा पोत्यात गुंडाळून माझ्या घरी जिन्याखाली पडलेला आहे. मी त्याला जॅकचा भाग समजत होतो. इतकी वर्षं ज्या गुरगुरण्यावर मी पाहुणे आणि साळे गार केले, ती दोन चाकांची गुरगुर होती.

मी साळ्याकडे पाहिलं. आता त्याने टोमणा मारायला हवा होता. तो बोलला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"ट्रॅक्टर?" मी सालदाराला विचारलं.

"तांड्यातला दारव्ह्याले गेला सकाळीच. पाणी पाह्यलं का साहेब?"

मी पाहिलं. आलो तेव्हा तळाचे गोटे दिसत होते. आता पाणी चहासारखं झालं होतं. वर डोंगराकडे आभाळ काळंकुट्ट होतं.

"वरतं पडून राह्यला," सालदार म्हणाला. "लोंढा येईन. बापूले आता आणा लागते, नाई तं मंग नाई आणता येत."

गाड्या तशाच सोडून आम्ही धावलो.

मामाजी ओसरीत खुर्चीवर बसलेले होते. शर्ट बदललेला, गळ्यापर्यंत बटनं लावलेली, पायात चपला. कचेरीला निघाल्यासारखे. पण चेहरा राखेसारखा होता आणि ओठांभोवती निळसर रेघ होती. बायको त्यांच्या पायाशी बसून त्यांचे तळहात चोळत होती.

"गाडी कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"नाल्यात."

"कोणती?"

"दोन्ही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं गेले. पण ते नुसते आमच्याबद्दल विचार करत होते.

सालदाराने आतून बाज काढून अंगणात ठेवली, तांड्यातल्या आणखी एकाला हाक मारली. चौघे झालो. मामाजींनी डोळे उघडले, बाजेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मोजलं.

"नाही," ते म्हणाले. "चार जणांच्या खांद्यावर मी आता नाही जाणार. ते एकडाव असते. मी चालत येतो."

ते उठले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताना साळ्याने त्यांना कमरेत धरलं नसतं तर तोंडावर पडले असते. परत बसले तेव्हा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. साळा रडकुंडीला आला, "बाबा, पाणी वाढून राह्यलं, हट्ट कायले करता!" मी कायद्यातले मुद्दे काढायला लागलो. मी म्हणालो की हा आणीबाणीचा प्रसंग आहे. मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बायको उठली. "बाबा, झोपून नका जाऊ. बसून चला. जाणारा माणूस बसून जात नाही."

मामाजींनी यावर विचार केला. आयुष्यभर अर्ज तपासलेला माणूस. असा अर्ज त्यांच्यासमोर पहिल्यांदा आला असावा.

"चपला पायातच राहू द्या," ते शेवटी म्हणाले.

आम्ही त्यांना बाजेवर बसवलं. दोन्ही हातांनी बाजेच्या पाट्या पकडून, पाय खाली सोडून बसले. खांदे खाली घातले, आणि उचलताना तांड्यातला तो दुसरा माणूस सवयीने म्हणाला, "घ्या रामाचं..."

"नाव घेऊ नको!" मामाजी वरून ओरडले. "एक-दोन-तीन म्हण!"

"एक, दोन, तीन," तो बिचारा म्हणाला, आणि आम्ही उठलो.

मी पुढच्या डाव्या कोपऱ्याला होतो. बाकी तिघांपेक्षा मी बुटका. बाज माझ्या बाजूला कलायची आणि मामाजी माझ्या डोक्यावर हात टेकवून तोल सांभाळायचे. बोटं बर्फासारखी होती. शेताची वाट, धुऱ्याच्या बांधावरची वाट, मग नाल्याचा उतार. उतारावर पाय ठेवला आणि मला कळलं, की माझी दोन्ही चाकं, आपलं पाय, सुटताहेत. मागून साळा ओरडत होता, "भाऊजी, टाच रोवा! टाच रोवा!" पाणी आता मांडीला लागत होतं आणि त्याला ओढ होती. माझ्या डावीकडे माझी जीप, उजवीकडे त्याची गाडी, मधून आम्ही, आणि बाजेला धरून बायको. त्याच्या गाडीतला तो दिवा अजूनही मिचमिचत होता.

मधोमध आल्यावर डोक्यावरचा हात निघाला. मला वर पाहता येत नव्हतं.

"मामाजी?"

उत्तर नाही. पाण्याचा आवाज फक्त. कोणीच थांबलं नाही, थांबता येत नव्हतं. मी पुन्हा हाक मारली, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"खांदा सरळ ठेवा, जवाईबुवा," वरून आलं, अगदी हळू.

अलीकडच्या काठावर आम्ही कसे चढलो ते मला सांगता येणार नाही. अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन अर्ध्या वाटेवर येऊन उभे होते. मास्क लावला, सुई टोचली, बायको आत बसली, दार बंद झालं. सायरन वाजवत गाडी यवतमाळकडे निघाली. आम्ही फाट्यावर उभे. थोड्या वेळाने मागून नाल्याकडून घरघर ऐकू आली. सालदार म्हणाला, "आला लोंढा. गाड्या गेल्या असतीन." साळ्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आम्ही दोघे सायरन ऐकत होतो. सपाट रान आहे, आवाज लांबून येतो. तो बारीक होत होता, पण होता. जोवर होता, तोवर ठीक होतं.

मग तो थांबला.

बारीक होत नाहीसा झाला नाही. मधेच तुटला.

साळा माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. रुग्ण गेल्यावर सायरन बंद करतात, हे आम्हा दोघांनाही कुठूनतरी माहीत होतं. मी बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. साळा रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी तिसऱ्यांदा नंबर लावायला लागलो.

फोन वाजला.

"बाबांनी सायरन बंद करायला लावला," बायको म्हणाली. "लोक पाहतात म्हणे." आणि ती रडायला लागली. मग रडणं गिळून घाईघाईने म्हणाली, "बाबांना झोपू द्यायचं नाही म्हणतात. डोळे मिटून राह्यले. माझ्याशी बोलून नाही राह्यले. तुम्ही बोला. काहीही बोला. मी फोन कानाला लावते."

मला काहीही सुचेना. घर, औषधं, देव, काही नाही. आणि मग मी बोलायला लागलो, ते गाड्यांबद्दल.

"मामाजी, तुम्हीच सांगा. जुन्या गाडीचं काही बिघडलं तर ती आधी आठ दिवस बोंबलते. बेअरिंग वाजेल, रबर किरकिरेल, ऑइल टपकेल. माणसाला कळतं. यांच्या नव्या गाडीचं तसं नाही, ती शेवटपर्यंत गोड राहते आणि नेमकी नाल्यात दिवा मिचमिचवते. बरोबर का?"

फोनमध्ये गाडीची घरघर. मग, "हूं."

साळा उठून माझ्या कानाशी आला. मी स्पीकर लावला.

"सांगा बाबा यांना," तो ओरडून म्हणाला, "माह्या गाडीत निदान शाफ्ट तं होता! पार्ट डुप्लिकेट असन, पण होता! यांच्या गाडीत होती पन्नी!"

"हूं."

"मामाजी, पण लोखंड पाहा. तो शाफ्ट जिन्याखाली पडून आहे इतकी वर्षं. गंज नाही. आताचा पार्ट असता तर पोत्यातच विरघळला असता."

काही नाही.

"मामाजी? विरघळला असता की नाही?"

घरघर. बायकोचा श्वास. साळ्याने माझं मनगट धरलं.

"...हूं."

मी बोलत राहिलो. बेअरिंगचं बोललो, ग्रीसचं बोललो, मला न कळणाऱ्या सगळ्या गोष्टींवर ठामपणे बोललो. साळा मधूनमधून मला खोटं पाडत होता आणि मी त्याला. फाट्यावर चिखलात उभं राहून आम्ही मोठमोठ्याने भांडत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन 'हूं'च्या मधे जी शांतता यायची, तिच्याएवढं खोल मी कधी कुठे उतरलेलो नाही.

मग गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, माणसांचे आवाज, चाकं, कोणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणत होतं. फोन अजून त्यांच्या कानाशीच असावा.

"जवाईबुवा," मामाजी म्हणाले. मास्कमधून येणारा आवाज, पण त्यांचाच. "पोचलो. आता गप बसा."